वसतिगृह आणि मराठी आत्मकथन : सहनिवासातील विविधतेचा विचार

मराठी दलित-ग्रामीण आत्मकथनांची चर्चा करताना गाव, गावकूस, शाळा आणि महानगर या चार स्थळांचा विचार बहुतेक समीक्षकांनी केला आहे. या स्थळांच्या मधे आणखी एक स्थळ उभे आहे. त्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. ते स्थळ म्हणजे वसतिगृह, बोलीभाषेतील ‘बोर्डिंग’. गाव सुटल्यानंतर आणि शहर आपले होण्यापूर्वी या लेखकांपैकी अनेकांच्या आयुष्याची काही वर्षे जेथे गेली, तेथेच त्यांना प्रथम आपल्या जातीबाहेरची, आपल्या बोलीबाहेरची आणि आपल्या तालुक्याबाहेरची मुले रात्रंदिवस सोबत राहताना भेटली. शाळेत ही भेट पाच-सहा तासांची असते, वसतिगृहात ती चोवीस तासांची होते. म्हणूनच विद्यार्थ्यांमधील विविधतेचा प्रश्न निवासी शिक्षणसंस्थेत जितक्या तीव्रतेने उभा राहतो, तितका तो अन्यत्र राहत नाही.

विविधता ही संज्ञा अलीकडे सैलपणे वापरली जाते. निरनिराळ्या जातिधर्मांचे, प्रदेशांचे विद्यार्थी एका आवारात आहेत, एवढ्यावरून त्या आवारात विविधता नांदते असे म्हणता येत नाही. नांदणे ही क्रिया केवळ असण्याहून वेगळी आहे. प्रवेशनोंदवहीतील विविधता ही संख्येची बाब होय, तर सहनिवासातील विविधता ही संबंधांची बाब होय. पहिलीतून दुसरी आपोआप निर्माण होत नाही. महाराष्ट्रातील वसतिगृहांचा इतिहास हा या दोहोंमधील अंतराचाच इतिहास आहे, आणि हे अंतर नोंदवण्याचे कार्य संस्थांच्या अहवालांनी नव्हे, तर आत्मकथनांनी केले आहे. या विधानाचे स्पष्टीकरण प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. वार, माधुकरी आणि वसतिगृह

वसतिगृह ही कल्पना महाराष्ट्रात एकाएकी अवतरली नाही. परगावी विद्या शिकण्यास गेलेल्या मुलाने राहावे कोठे आणि जेवावे कोठे, या प्रश्नाला परंपरेने एक उत्तर दिलेले होते. गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याने माधुकरी मागावी किंवा आठवड्याचे सात वार सात घरी लावून घ्यावेत, ही ती व्यवस्था. तीत अपमान होता, उपासमारही होती. अनेक जुन्या आत्मचरित्रांत तिच्या कडू आठवणी आहेत. तथापि ती एक व्यवस्था होती, हे विसरता येत नाही. पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहासारख्या संस्थेने या व्यवस्थेला सन्माननीय पर्याय देण्याचा प्रयत्न केला.

ब्राह्मणेतर विद्यार्थ्याला ही व्यवस्था उपलब्ध नव्हती. त्याच्या जातीची घरे शहरात थोडी, त्यांतही शिक्षणाची परंपरा विरळ. अस्पृश्य विद्यार्थ्याच्या बाबतीत तर वार लावण्याची कल्पनाच असंभवनीय होती, कारण वार म्हणजे दुसऱ्याच्या घरात पानावर बसणे. शाळेचा दरवाजा कायद्याने उघडला तरी शाळेच्या गावात रात्र कोठे काढावी हा प्रश्न सुटत नव्हता. म्हणजे शिक्षणप्रसाराचा खरा अडसर पुष्कळदा शाळेच्या उंबरठ्यावर नव्हता, तो निवासाच्या आणि अन्नाच्या ठिकाणी होता. ज्यांनी हे ओळखले त्यांनी शाळांइतकीच, किंबहुना शाळांच्याही आधी, वसतिगृहे काढली. राजर्षी शाहू महाराज, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे, कर्मवीर भाऊराव पाटील आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर या चौघांच्याही कार्यात वसतिगृहाला जे मध्यवर्ती स्थान मिळाले, त्याचे कारण येथे आहे. शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत स्थापन केलेली डिप्रेस्ड क्लासेस मिशन सोसायटी आणि आंबेडकरांनी १९२४ मध्ये स्थापन केलेली बहिष्कृत हितकारिणी सभा या दोन्ही संस्थांनी वसतिगृहाचे काम हाती घेतले. सभेचे सोलापूर येथील वसतिगृह १९२५ मध्ये सुरू झाले.

२. कोल्हापूर : जातवार वसतिगृहांची व्यवस्था

कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हटले जाते. तेथील व्यवस्थेचा आरंभ मात्र एका अपयशातून झाला, असे शाहूचरित्राचे अभ्यासक नोंदवतात. राजाराम कॉलेजशी निगडित असे सर्व जातींना खुले वसतिगृह १८९६ मध्ये सुरू करण्यात आले, परंतु ते व्यवहारात ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. दार सर्वांना खुले असूनही आत एकाच वर्गाचा वावर राहावा, हा अनुभव पुढील धोरणाच्या मुळाशी आहे. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हाऊसची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या दोन दशकांत जैन, मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. संस्थानातील नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा १९०२ चा प्रसिद्ध जाहीरनामा आणि ही वसतिगृहे यांचा संबंध कार्यकारणाचा आहे. जागा राखून ठेवल्या तरी त्या भरण्यास शिकलेला तरुण हवा, आणि तो तरुण घडण्यासाठी त्याला शहरात राहता आले पाहिजे.

जातवार वसतिगृहे काढल्याने जातिभेद दृढ होतो, असा आक्षेप या व्यवस्थेवर तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. आक्षेप निराधार नाही, परंतु अपुरा आहे. या व्यवस्थेचे तीन लाभ लक्षात घ्यावे लागतात. एक, त्या त्या समाजाने देणगी, जागा आणि देखरेख यांची जबाबदारी स्वतः उचलली. दुसरा, एकाच पातळीवरील मुलांमध्ये राहिल्याने न्यूनगंडाचा भार हलका झाला. तिसरा, सर्वांसाठी खुल्या असलेल्या जागेत दुर्बलाला प्रत्यक्षात जागा उरत नाही, या १८९६ च्या अनुभवावर तो तात्काळ उतारा होता. तोटाही तितकाच उघड आहे. विद्यार्थ्याला छप्पर मिळाले, पंगत मात्र आपल्याच लोकांची राहिली. शहर विविध झाले, पण खोली एकजिनसी राहिली.

या व्यवस्थेची मर्यादा तिच्याच एका विद्यार्थ्याच्या चरित्रातून प्रकट होते. भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापुरात आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहिले. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास उपस्थित राहून परतल्यावर स्नान केल्यावाचून भोजनगृहात जाण्याचा त्यांनी आग्रह धरला आणि त्यावरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. घटनेचा तपशील चरित्रपरत्वे थोडा बदलतो, तिचा अर्थ मात्र बदलत नाही. एका वसतिगृहातून दुसऱ्या वसतिगृहात जाऊन येणे हादेखील विटाळ ठरत होता. दोन्ही वास्तू एकाच राजाच्या प्रेरणेने उभ्या होत्या, परंतु त्यांच्या मधली वाट अजून तयार व्हावयाची होती.

३. सातारा : एक चूल, एक पंगत

भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. ज्या राजाच्या व्यवस्थेत जातवार बोर्डिंगे होती, त्याचेच नाव मिश्र बोर्डिंगला दिले गेले, ही गोष्ट विरोधाची नव्हे, परंपरेच्या पुढील पावलाची निदर्शक आहे.

येथील वेगळेपण केवळ प्रवेशाच्या नियमात नव्हते. ते दिनक्रमात होते. मुलांनी स्वयंपाक करावयाचा, पाणी भरावयाचे, शेतात राबावयाचे आणि एका पंगतीत जेवावयाचे, असा तो क्रम होता. महाराष्ट्राच्या समाजजीवनात जात प्रकट होते ती मुख्यतः पाणवठ्यावर, चुलीशी आणि पंगतीत. नेमक्या याच तीन ठिकाणी सातारच्या बोर्डिंगने मुलांचे हात एकमेकांत गुंतवले. समतेचा उपदेश करून जे साधले नसते ते कामाच्या वाटणीतून साधले. ज्याच्या हातची भाकरी काल खाल्ली त्याचा आज विटाळ मानणे ही गोष्ट तर्काने नव्हे, सवयीने अशक्य होऊन जाते. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ या संस्थेच्या बोधवाक्याचा अर्थ आर्थिक अंगानेच लावला जातो; त्याचे सामाजिक अंगही तितकेच महत्त्वाचे आहे. श्रीमंताच्या मुलाची फी आणि गरिबाच्या मुलाची दया असा भेद या व्यवस्थेत उरत नाही, कारण दोघांचेही देणे श्रमाच्याच नाण्यात आहे. पुणे कराराच्या पार्श्वभूमीवर १९३२ मध्ये पुण्यात सुरू झालेले युनियन बोर्डिंग हाऊस आणि १९४७ मध्ये सातारा येथे ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर उभे राहिलेले छत्रपती शिवाजी कॉलेज हे याच विचाराचे विस्तार होत.

या व्यवस्थेची किंमत कोणी चुकवली, याचाही निर्देश केला पाहिजे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी बोर्डिंगच्या मुलांसाठी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मोडले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. ती भावुकतेने सांगितली जाते. तिच्यातील वस्तुस्थिती अशी की सर्व जातींची पंगत ही केवळ विचाराने उभी राहत नाही, तिला धान्य लागते, आणि ते धान्य शासन व समाज यांनी पुरवले नाही तर एखाद्या घराला आपले सौभाग्यलेणे विकावे लागते.

४. नागसेनवन : अल्पसंख्येतून बाहेर

कोल्हापूर आणि सातारा या दोन्ही व्यवस्थांत अस्पृश्य विद्यार्थी एक तर वेगळा होता किंवा अनेकांत एक होता. तिसरी शक्यता औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे साकार झाली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयानंतर १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या वास्तूची कोनशिला बसविण्यात आली. पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाऊ लागले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाच्या सोयी अत्यल्प होत्या. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन होईपर्यंत तेथील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहत होती.

नागसेनवन सर्वांना खुले होते. तथापि तेथील वसतिगृहांत दलित विद्यार्थी हा अपवाद नव्हता. जेथे आपण अपवाद नसतो तेथे माणूस आपल्यातले भेद पाहू लागतो, ही गोष्ट साहित्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. बाहेरून पाहणाऱ्यास ‘दलित विद्यार्थी’ हा एकच वर्ग दिसतो, आत मात्र मराठवाड्याची बोली आणि वऱ्हाडी बोली, भूमिहीन मजुराचा मुलगा आणि शहरी कामगाराचा मुलगा, धम्मदीक्षा घेतलेले घर आणि पोतराजाच्या परंपरेतले घर असे नाना भेद असतात. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. प्राचार्य म. ना. वानखडे आणि प्रा. गंगाधर पानतावणे यांच्यासारख्या अध्यापकांनी या आवारात वाचनाचे आणि लेखनाचे वातावरण निर्माण केले. १९६७ मध्ये निघालेले ‘अस्मिता’ आणि त्यातून पुढे आलेले ‘अस्मितादर्श’ ही नियतकालिके याच वातावरणाचे फलित होत. मराठी दलित साहित्याचा एक मोठा प्रवाह महाविद्यालयाच्या व वसतिगृहाच्या परिसरातून वाहू लागला, हा केवळ योगायोग मानता येत नाही. अन्नाची व छपराची निश्चिती, समदुःखी श्रोता, ग्रंथालय आणि ऐकून घेणारा अध्यापक या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे अनुभवाला शब्द फुटण्याची शक्यता निर्माण होते. कोल्हापूरने छप्पर दिले, साताऱ्याने पंगत दिली, तर नागसेनवनाने आपल्या अनुभवाविषयी बोलण्याची जागा दिली, असे या तीन टप्प्यांचे सूत्ररूपाने वर्णन करता येईल. अर्थात हे सूत्र प्रवृत्तिदर्शक आहे. प्रत्येक ठिकाणी इतर दोन गोष्टींचा अंश होताच.

५. आत्मकथनांतील वसतिगृह

आता आत्मकथनांकडे वळता येईल. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) ही आत्मकथने निरनिराळ्या जातींतील, निरनिराळ्या प्रदेशांतील आहेत. शिक्षणासाठी घराबाहेर पडणे हे सूत्र मात्र त्यांना जोडते. या सूत्राच्या अनुषंगाने वसतिगृहीय जीवनाची चार कार्ये सांगता येतात.

पहिले कार्य भुकेचे. या लेखनात शिक्षणाची ओढ आणि अन्नाची ओढ वेगळी काढता येत नाही. ‘आठवणींचे पक्षी’ मधील पोरक्या मुलाची वणवण ही एकाच वेळी विद्येसाठीची आणि भाकरीसाठीची वणवण आहे. वसतिगृहात वेळेवर मिळणारे जेवण ही मध्यमवर्गीय विद्यार्थ्याला तक्रारीची बाब वाटते. ज्याच्या घरी वेळेवर जेवण ही घटना असते त्याला ते जेवण घरच्या उपाशी माणसांची आठवण करून देते. एकाच ताटाचे हे दोन अर्थ आहेत. सहनिवासातील विविधता प्रथम येथे, ताटाशी, कळते.

दुसरे कार्य भाषेचे. घरची बोली आणि शाळेची प्रमाण मराठी यांच्यामधील ताण वर्गात दिवसातून काही तास जाणवतो, वसतिगृहात तो झोपेपर्यंत सोबत असतो. उच्चाराला हसणारा सोबती खोलीतच असतो. परिणामी विद्यार्थी द्विभाषिक होतो. तो एका मराठीत विचारतो, दुसरीत उत्तर देतो. या आत्मकथनांच्या निवेदनात प्रमाण भाषा आणि संवादात बोली अशी जी रचना वारंवार आढळते, ती केवळ वास्तवदर्शनाची युक्ती नव्हे. ती या दुहेरी भाषिक जगण्याची खूण आहे. आदिवासी विद्यार्थ्याच्या बाबतीत हा ताण अधिक खोल जातो. भिली, गोंडी वा वारली बोलणाऱ्या मुलाला आश्रमशाळेत प्रमाण मराठी ही जवळजवळ परभाषाच असते. वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ (१९८७) सारख्या कवितासंग्रहाचे मोल या संदर्भात पाहावे लागते.

तिसरे कार्य नावाचे. प्रवेशअर्जावर विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जात अशा ओळी असतात. विविधता मोजण्याची ही शासकीय रीत. ‘अक्करमाशी’ आणि ‘कोल्हाट्याचं पोर’ या दोन्ही पुस्तकांनी या ओळींपुढेच प्रश्नचिन्ह उभे केले आहे. ज्याला वडिलांचे नाव समाजाने नाकारले आहे त्याने दुसरी ओळ कशी भरावी? जात वडिलांची लिहावी की आईची? काळे यांनी आपल्या नावात आईचे नाव धारण केले, ते या ओळीला दिलेले उत्तरच होय. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याची कथा यशोगाथा म्हणून वाचली जाते. परंतु संस्थेच्या रकान्यांत न मावणारा विद्यार्थी ही तिची अधिक महत्त्वाची बाजू आहे. विविधतेचा कोणताही आराखडा काही माणसांना रकान्याबाहेर ठेवतो, आणि साहित्य त्या रकान्याबाहेरच्या माणसापासून सुरू होते.

चौथे कार्य अंतराचे. सुटीत घरी परतणारा विद्यार्थी तोच राहिलेला नसतो. त्याला घर नव्याने दिसते, आणि त्या दिसण्यात ओढ आणि लाज एकत्र असतात. ‘बलुतं’ मधील दगडू पवार आणि दया पवार हा दुहेरी निवेदक प्रसिद्ध आहे. धामणगावचा दगडू आणि शिकलेला दया हे दोघे एकाच देहात राहतात आणि एकमेकांशी बोलतात. त्यातील दुसरा घडू लागतो तो तालुक्याच्या गावी, संगमनेरच्या बोर्डिंगमधील दिवसांत. आत्मकथन लिहिण्यासाठी स्वतःकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहता यावे लागते. ते अंतर वसतिगृहाने पुरवले. याचा अर्थ वसतिगृह नसते तर ही आत्मकथने लिहिली गेली नसती असा नव्हे. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे मुख्यत्वे वेगळ्या, कामगारजीवनाच्या वाटेने आलेले आत्मकथन त्याची साक्ष आहे.

६. ‘कोसला’ : प्रतितुलनेसाठी

या आत्मकथनांच्या शेजारी भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) ठेवली असता प्रश्न अधिक स्पष्ट होतो. मराठीतील वसतिगृहजीवनाचे सर्वांत परिचित चित्रण या कादंबरीत आहे. खानदेशातील सांगवी गावचा पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या महाविद्यालयात येतो, वसतिगृहात राहतो, मेसची जबाबदारी अंगावर घेतो, त्यातील आर्थिक घोळात सापडतो आणि अखेर सारे सोडून गावी परततो. पुणेरी आणि खानदेशी, शहरी आणि खेडवळ असा भेद येथेही आहे. परंतु पांडुरंगाच्या मागे शेतीवाडीचे घर आणि पैसे पाठविणारे वडील आहेत. त्याला परतण्याची सोय आहे. म्हणून त्याचे परकेपण अस्तित्वविषयक रूप धारण करू शकते. मेस बुडाली तर त्याला हिशेब द्यावा लागतो. दलित विद्यार्थ्याची मेस बंद झाली तर त्याचे शिक्षण संपते.

हे विधान ‘कोसला’ला उणे ठरविण्यासाठी नाही. सहनिवासातील भेद केवळ जातीचे वा प्रदेशाचे नसतात, ते परतीच्या वाटेचेही असतात, हे त्यातून दिसते. एकाच व्हरांड्यात बसलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाला अपयश परवडते व दुसऱ्याला परवडत नाही, हा भेद कोणत्याही प्रवेशनोंदवहीत लिहिलेला नसतो. कादंबरी आणि आत्मकथन एकत्र वाचल्यावरच तो हाती लागतो.

७. स्त्रियांचा निवास

विद्यार्थिनींच्या निवासाचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला व १९०० मध्ये तो हिंगण्यास हलविला. येथे निवास ही सोय नव्हती, तो आश्रय होता. विधवेला घर नाकारले गेले म्हणून हे दुसरे घर. कर्व्यांच्या आश्रमाचे दार आरंभी उच्चवर्णीय विधवांपुरते होते. म्हणजे लिंगभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या संस्थेलाही जातिभेदाशी तडजोड करावी लागली. पार्वतीबाई आठवले यांच्या ‘माझी कहाणी’ (१९२८) पासून विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) पर्यंतच्या स्त्रीलेखनाला या निवासी शिक्षणाची पार्श्वभूमी आहे.

याउलट कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) आणि उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) या दलित स्त्रियांच्या लेखनाच्या केंद्रस्थानी वसतिगृह नाही. घर, वस्ती आणि सासर हीच त्यांची प्रमुख स्थळे आहेत. दलित मुलगा घर सोडून बोर्डिंगला जाऊ शकत होता, मुलीला ती वाट सहजपणे मोकळी नव्हती. बेबी कांबळे यांनी पुढे फलटणजवळ निंबुरे येथे मागास मुलांसाठी निवासी शाळा चालविली, ही गोष्ट या अभावाच्या संदर्भात अधिक अर्थपूर्ण ठरते. वसतिगृहाचा अनुभव आत्मकथनाला अंतर देतो असे वर म्हटले. ते अंतर ज्यांना मिळाले नाही त्यांनी सामूहिक आठवणीचा, ‘मी’ ऐवजी ‘आम्ही’चा आश्रय केला. ‘जिणं आमुचं’ हे शीर्षकच त्याची साक्ष देते.

८. आजचा संदर्भ आणि अध्यापनाचा प्रश्न

निवासी शिक्षणाचे स्वरूप पुढे बदलत गेले. महाराष्ट्रात १९९९ मध्ये छळ प्रतिबंधक म्हणजे रॅगिंगविरोधी कायदा झाला, याचाच अर्थ सहनिवास आपोआप सहजीवन होत नाही हे विधिमंडळालाही मान्य करावे लागले. शासकीय वसतिगृहांत प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना निवास-भोजनासाठी थेट रक्कम देणारी स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू झाली. जागा अपुऱ्या असताना हे साहाय्य आवश्यकच आहे आणि त्यामुळे अनेकांचे शिक्षण टिकते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु या बदलात एक गोष्ट हातची निसटते. रकमेतून भाड्याची खोली मिळते, डबा मिळतो. पंगत मिळत नाही. विद्यार्थी आपल्याच गावच्या, आपल्याच जातीच्या मुलांबरोबर खोली घेतो, किंवा आडनाव ऐकून खोली नाकारणाऱ्या घरमालकाच्या दारात एकटा उभा राहतो. शंभर वर्षांपूर्वीचा ‘रात्र कोठे काढावी’ हा प्रश्न रूप बदलून पुन्हा समोर येतो. दुसऱ्या बाजूला, समाजनिहाय वसतिगृहांची मागणीही नव्याने होत राहते. तिच्या मागे कोल्हापूरच्या व्यवस्थेतील तीन लाभ आहेत, तसाच तिचा तोटाही आहे. दोन्हींचा हिशेब करूनच तिचा विचार व्हावा.

मराठीच्या अध्यापकासाठी या साऱ्याचा निष्कर्ष व्यावहारिक आहे. पदव्युत्तर वर्गात ‘बलुतं’ किंवा ‘अक्करमाशी’ शिकविले जाते तेव्हा त्यातील अनुभव भूतकाळात जमा झाला असे गृहीत धरले जाते. वर्गातील काही विद्यार्थी मात्र त्याच सायंकाळी वसतिगृहाच्या त्याच प्रकारच्या खोलीत परतणार असतात. त्यांच्यापैकी कोणी बोलीतील उच्चारामुळे वर्गात गप्प बसतो, कोणी अर्जावरील ओळ कशी भरावी या विचारात असतो. आत्मकथनाचे अध्यापन हे त्या गप्प राहणाऱ्याला बोलण्याची जागा देणारे ठरू शकते, किंवा त्याला सर्वांसमोर नमुना म्हणून उभे करणारेही ठरू शकते. या दोहोंतील फरक अध्यापकाच्या विवेकावर अवलंबून आहे. विद्यार्थ्याला त्याच्या जातीचा प्रतिनिधी म्हणून प्रश्न विचारणे आणि वाचक म्हणून प्रश्न विचारणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्या प्रकारात तो पुन्हा रकान्यात जातो, दुसऱ्या प्रकारात तो संहितेशी आणि सहाध्यायांशी बरोबरीने बोलू लागतो.

समारोप करताना असे म्हणता येईल की छप्पर, पंगत आणि वाणी या तिन्ही गोष्टी मिळाल्यावाचून निवासी संस्थेतील विविधता पूर्णत्वास जात नाही. छप्पर शासन देऊ शकते. पंगत संस्थेच्या दिनक्रमातून उभी करावी लागते. वाणी मात्र कोणी कोणाला देत नाही. ती फुटेल असे वातावरण तेवढे निर्माण करता येते. मराठीतील आत्मकथनांनी हे वातावरण कोठे होते आणि कोठे नव्हते याची नोंद करून ठेवली आहे. वसतिगृहाचे अधीक्षक, संस्थांचे चालक आणि साहित्याचे अध्यापक यांनी ती नोंद एकत्र वाचली, तर वाङ्मयाच्या अभ्यासाचा उपयोग वर्गाबाहेरही होऊ शकेल.